शाळेची मोक्याची जागा : विकावी, विकसनाला द्यावी की राखावी?

नवा_विश्वस्त

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकाला लागून एका शिक्षण संस्थेची अडीच एकर जागा आहे. तेथे पाचवी ते दहावीची शाळा भरते आणि गेल्या वर्षापासून मी त्या संस्थेचा विश्वस्त आहे. कौलारू छप्पर दर पावसाळ्यात गळते, दोन वर्ग वापरू नयेत असे अभियंत्याने लेखी कळवले आहे, आणि संस्थेच्या खात्यात दुरुस्तीपुरतीही रक्कम नाही.

सध्या तीन प्रस्ताव चर्चेत आहेत. एका विकासकाला रस्त्याकडील एक एकर हवी आहे. तेथे तो दुकाने आणि सदनिका बांधील व मोबदल्यात मागच्या भागात शाळेची नवी इमारत आणि काही कायम निधी देईल. दुसरा प्रस्ताव असा की सगळी जागा विकून गावाबाहेर सहा किलोमीटरवर पाच एकर घ्यावी आणि उरलेल्या पैशांत मोठे संकुल उभारावे. तिसरा प्रस्ताव जुन्या विश्वस्तांचा आहे : काहीही विकू नये, रस्त्याच्या कडेला गाळे काढून ते भाड्याने द्यावेत आणि त्या उत्पन्नातून इमारत दुरुस्त करावी. आम्ही नऊजण आहोत आणि मते चार, तीन, दोन अशी विभागली आहेत. ज्यांनी शाळा, चर्च, वाचनालय किंवा अन्य संस्थेसाठी असा निर्णय घेतला आहे, त्यांनी सर्वांत आधी काय तपासले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

तिरकस

बसस्थानकाला लागून अडीच एकर म्हटल्यावर छप्पर गळणारच. काही छपरे दुरुस्त न होण्यातच बऱ्याच जणांचे हित असते.

कायद्याची_पाने

तिन्ही प्रस्तावांच्या आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत न्यासाच्या स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय वैध ठरत नाही. भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे : शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी द्यायची असेल तर तीच मंजुरी लागते. विकसन कराराने जागेवरचे हक्क विकासकाकडे जाणार असतील, तर करारावर वेगळे शीर्षक घातल्याने ही अट टळेल असे समजू नये. तेव्हा तुमच्या नऊ जणांचा एकमुखी ठराव झाला तरी तो निर्णय नसून केवळ अर्ज करण्याची तयारी आहे.

अर्जात मुख्यतः तीन गोष्टी विचारल्या जातात. न्यासपत्रात मिळकत हस्तांतरित करण्याविषयी काही निर्देश आहेत का, हस्तांतरणाची गरज काय, आणि ते न्यासाच्या हिताचे कसे. सोबत तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल जोडावा लागतो. व्यवहारात वर्तमानपत्रात जाहिरात देऊन प्रस्ताव मागवले जातात, आणि सुनावणीच्या दिवशी त्याच दालनात तिसराच कोणी उभा राहून अधिक रक्कम देऊ करतो, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या प्रकरणात विश्वस्तांनी ज्याला आधीच तोंडी शब्द दिला होता, तो गृहस्थ मागच्या बाकावर बसून घाम पुसत होता. म्हणून विकासकाला आताच कोणताही शब्द देऊ नका, आणि त्याच्याकडून ‘सदिच्छा’ म्हणून एक रुपयाही घेऊ नका.

नवा_विश्वस्त

वकीलसाहेब, आभारी आहे. आमच्यातील एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे असे की आधी करार करावा आणि मंजुरी नंतर घ्यावी. तशी तरतूद आता झाली आहे असे त्यांनी ऐकले आहे.

कायद्याची_पाने

त्यांनी अर्धे ऐकले आहे. २०१७ च्या दुरुस्तीने कार्योत्तर मंजुरीची वाट ठेवली आहे. परंतु ती असाधारण परिस्थितीसाठी आहे आणि पूर्वमंजुरी का घेता आली नाही याचे पटण्याजोगे कारण द्यावे लागते. ‘विकासक घाई करीत होता’ हे असाधारण कारण नव्हे; ती तर नित्याचीच परिस्थिती आहे.

माजी_कार्यवाह

तुमचा दुसरा प्रस्ताव आमच्या संस्थेने प्रत्यक्षात आणला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बाजारपेठेतील शाळेची जागा रीतसर मंजुरी घेऊन विकली, भाव अपेक्षेपेक्षा चांगला मिळाला आणि गावाबाहेर चार एकरांवर दुमजली इमारत उभी राहिली. व्यवहारात कोठेही काळेबेरे नव्हते. तरीही आज मला विचाराल तर तो निर्णय मी पुन्हा घेणार नाही.

पहिल्याच जूनमध्ये आठवीच्या एका तुकडीतील अकरा मुलींचे दाखले पालकांनी नेले. मुलांच्या सायकली होत्या. मुलींना संध्याकाळी साडेपाचला त्या निर्मनुष्य रस्त्याने पाठवायला घरचे तयार नव्हते, आणि त्यात त्यांचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही. दुसरी चूक पैशांची. आम्ही विक्रीची सगळी रक्कम जमीन आणि बांधकाम यांत घातली. जुन्या शाळेला रस्ता, पाणी, दिवे आयते होते. नव्या जागेत विंधन विहीर, कुंपण, रोहित्र, रात्रीचा पहारेकरी आणि शाळेची बस हे सगळे आमच्या माथी आले. चार वर्षांत आमच्याकडे देखणी इमारत होती आणि वीजबिल भरायला आम्ही देणगीदारांच्या दारी जात होतो.

निवृत्त_मुख्याध्यापिका

माजी_कार्यवाह, तुमचा अनुभव खरा असला तरी त्यावरून स्थलांतर नेहमीच फसते असा निष्कर्ष मला मान्य नाही. आमची शाळाही गावाबाहेर गेली आणि पट वाढला. मात्र जागा विकत घेण्याच्या आधी वर्षभर आम्ही एक काम केले : पहिलीपासून दहावीपर्यंतच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे घर गावाच्या नकाशावर टाचणीने दाखवले. तेव्हा ध्यानात आले की निम्म्याहून अधिक मुले नव्या वसाहतींतून उलट दिशेने चालत जुन्या शाळेत येत होती. आमची शाळा मुलांच्या दिशेने सरकली. तुमची बहुधा स्वस्त जमिनीच्या दिशेने सरकली.

मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो हे खरे, पण पासाने गाडी येत नाही. शाळा सुटण्याची वेळ आगाराच्या वेळापत्रकाशी जुळते का, हे आगारप्रमुखांना प्रत्यक्ष भेटून पाहावे. शिवाय शाळेचे स्थलांतर शिक्षण विभागाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. धर्मादाय आयुक्तांची मंजुरी मिळाली, जागा विकली गेली आणि स्थलांतराची परवानगी अडकली, तर वर्ग कोठे भरवणार?

तिरकस

अशा वेळी वर्ग विश्वस्तांच्या दिवाणखान्यात भरवावेत. परवानगी आठवड्यात मिळेल.

पाळकांची_लेक

शाळेपेक्षा थोडा वेगळा, पण या धाग्याला उपयोगी पडेल असा आमच्या मंडळीचा अनुभव लिहिते. आमच्याकडे दगडी चर्च, त्यामागे पाळकगृह आणि कोपऱ्यात दफनभूमी अशी एकच सलग जागा आहे. मंडळीची संख्या रोडावली, पाळकगृह रिकामे पडले आणि तेवढा तुकडा मंगल कार्यालयासाठी विकावा असा प्रस्ताव आला. रक्कम इतकी होती की चर्चचे छत, घंटाघर आणि पुढच्या वीस वर्षांची देखभाल निघाली असती.

पहिली अडचण नावाची. मालमत्ता पत्रकावर अजूनही परदेशी मिशनचे नाव होते. मिशनची माणसे केव्हाच परतली होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथमंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हापासून जुन्या मिशनांच्या मिळकती कोणाच्या, हा प्रश्न अनेक ठिकाणी न्यायालयांत गेला आहे. गुजरातमधील अशाच एका वादात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले की न्यासाच्या मिळकतीविषयीचे असे प्रश्न याच १९५० च्या कायद्याखालील यंत्रणेपुढे न्यायला हवेत. दिवाणी दावा चालणार नाही. थोडक्यात, ज्याला विकायचे आहे त्याने आधी आपण मालक आहोत हे दाखवावे, आणि ते योग्य दाराशी जाऊन दाखवावे.

दुसरी अडचण आम्हाला मोजणीच्या दिवशी कळली. भूकरमापकाने दफनभूमीची हद्द दाखवून खुंटी ठोकली, तेव्हा माझे वडील दफनाची जुनी नोंदवही घेऊन तेथेच उभे होते. त्यांनी ओळी मोजल्या आणि खुंटीच्या अलीकडे, म्हणजे विकायच्या तुकड्यात, आणखी दोन रांगा असल्याचे सांगितले. १९१८ च्या साथीत पुरलेल्यांच्या त्या रांगा होत्या. त्या वेळी दगड बसवायला कोणाला सवडच नव्हती. वर नुसते गवत होते. मूल्यांकन अहवालात त्या जागेची नोंद ‘मोकळी जमीन’ अशीच होती. त्या संध्याकाळच्या सभेत विक्रीच्या बाजूने एकही हात वर झाला नाही.

शेवटी पाळकगृह दुरुस्त करून बालवाडीला लीव्ह अँड लायसन्सवर दिले आणि सभागृह कार्यक्रमांसाठी भाड्याने देऊ लागलो. छताचे काम मात्र अजून अपुरे आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते.

हिशेबनीस

पाळकांची_लेक यांनी सभागृहाचा उल्लेख केला म्हणून एक पुरवणी. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाच्या मालकीच्या सार्वजनिक धार्मिक स्थळाच्या आवारातील सभागृहाच्या भाड्याला वस्तू व सेवा करातून २०१७ च्या अधिसूचनेने सूट आहे. परंतु दिवसाचे भाडे १०,००० रुपये किंवा अधिक असेल तर ती सूट जाते. दुकानासाठीही मर्यादा १०,००० रुपयांचीच, पण महिन्याला. ही सूट धार्मिक स्थळाच्या आवारापुरती आहे. शाळेच्या गाळ्यांना ती लावू नये.

मूळ प्रश्नाकडे येतो. विक्री केल्यास भांडवली नफ्याचा प्रश्न येईल. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११(१अ) चे तत्त्व असे की विक्रीची निव्वळ रक्कम नव्या भांडवली मालमत्तेत गुंतवली तर तो नफा न्यासाच्या उद्दिष्टांवर खर्च झाला असे मानले जाते. अंशतः गुंतवली तर लाभही अंशतः. याचा एक परिणाम माजी_कार्यवाह यांच्या कथेत दिसतो : करसल्लागार ‘सगळे गुंतवा’ म्हणतो, विश्वस्त ‘सगळे बांधा’ असे ऐकतात, आणि चालू खर्चाला काही उरत नाही. भांडवली मालमत्ता म्हणजे केवळ विटा नव्हेत. कोणती ठेव त्यात बसते हे सल्लागाराकडून लेखी घ्यावे.

इमारतीसाठी कर्ज काढण्याचा विचार असेल तर त्यालाही धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, जागा तारण ठेवा अगर ठेवू नका.

वाचनालय_प्रेमी

तिसऱ्या प्रस्तावाला सगळे सुरक्षित समजत आहेत, म्हणून आमची तक्रार मांडतो. आमच्या वाचनालयाच्या तळमजल्यावर चार गाळे आहेत. दोन पिढ्यांपूर्वी पागडी घेऊन दिलेले. आजचे भाडे इतके की पावतीपुस्तक छापण्याचा खर्चही निघत नाही. एका गाळ्यात मूळ भाडेकरूचा पत्ताच नाही, तिसराच माणूस बसतो. वाचनालयाला अभ्यासिकेसाठी जागा हवी आहे आणि आम्ही आमच्याच इमारतीत वर माळ्यावर पुस्तकांचे गठ्ठे रचतो आहोत.

कायद्याची_पाने

तुमचे गाळे जुन्या संरक्षणाखाली आहेत. तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये सार्वजनिक धर्मादाय न्यासाला स्वतःच्या उद्दिष्टासाठी जागा हवी असल्यास ताबा मागण्याचे कारण दिलेले आहे, आणि परस्पर पोटभाडेकरू ठेवणे हेही स्वतंत्र कारण आहे. दोन्हींवर विचार करा.

नवीन गाळे देणाऱ्यांनी लीव्ह अँड लायसन्सचा लेखी करार करून तो नोंदवावा. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी जागामालकाची. बँक किंवा एक कोटी रुपये व त्याहून अधिक भरणा भागभांडवल असलेली कंपनी भाडेकरू असेल तर तिला हा कायदा संरक्षण देत नाही, म्हणून अनेक न्यास बँकेची शाखा पसंत करतात.

रेषा_आणि_भिंती

मी वास्तुरचनाकार आहे. पहिल्या प्रस्तावातील एका मुद्द्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत अधिमूल्य भरून मिळणारे चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधता येणारे क्षेत्र) आणि वापरता येणारा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणता येणारा बांधकामाचा हक्क) हे दोन्ही समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. तुम्ही रस्त्याकडील एक एकर दिली आणि मागच्या दीड एकराला बोळाएवढी वाट ठेवली, तर मोठा रस्ता विकासकाच्या भूखंडाला लागेल आणि शाळेचा भूखंड बोळावर जाईल. कागदावर तुम्ही अडीचपैकी एक एकर दिली असे दिसेल. बांधकामाच्या क्षमतेच्या हिशेबात त्याहून बरेच अधिक दिलेले असेल. तीस वर्षांनी तुमच्या वारसदार विश्वस्तांना एक मजला चढवायचा झाला की हे कळेल.

एवढे करूनही विकसन करायचे ठरलेच, तर क्रमाचा आग्रह धरा : आधी शाळेची इमारत, तिचे भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमनाचा दाखला, आणि त्यानंतरच विकासकाने आपल्या भागातील ताबे द्यावेत. बँक हमी शाळेच्या बांधकामखर्चाएवढी असावी. शाळेची जागा विकासकाने तारण ठेवू नये हे करारात असावे, आणि जूनमध्ये शाळा सुरू होते हे दंडाच्या कलमात तारखेसह असावे. बांधकाम ऑगस्टमध्ये पूर्ण झाले तर सदनिकेचे दोन महिने जातात. शाळेचे वर्ष जाते.

माजी_विद्यार्थी_८९

भावनिक होतो आहे असे वाटले तर क्षमा असावी, पण पैशांचा चौथा मार्ग कोणी का सुचवत नाही? माजी विद्यार्थी आहेत ना. आमच्या तुकडीने प्रवेशद्वाराची कमान बांधून दिली.

निवृत्त_मुख्याध्यापिका

कमानीबद्दल धन्यवाद, पण आपण विषय काढलात म्हणून लिहिते. माझ्या कारकीर्दीत मला कमान, संगमरवरी पाट्या, दोन पुतळे आणि एक कारंजे मिळाले. स्वच्छतागृहाच्या मलनिःसारण वाहिनीसाठी मी सहा वर्षे पत्रे लिहिली. देणगीदाराला नाव कोरता येईल अशी जागा लागते आणि वाहिनी जमिनीखाली असते.

माजी_विद्यार्थी_८९

मॅडम, वाहिनीचा अंदाजपत्रकी आकडा कळवावा. नाव कोरण्याचा आग्रह नाही.

कायद्याची_पाने

नवा_विश्वस्त, इतक्या चर्चेनंतर एक साधा प्रश्न, जो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. सात-बारावर भोगवटादार वर्ग कोणता आहे? आणि ही जागा संस्थेकडे कशी आली : खरेदीने, बक्षीसपत्राने की शासनाच्या आदेशाने? धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीचे परिशिष्ट १ आणि सात-बारा यांतील क्षेत्र जुळते का, हेही पाहा.

नवा_विश्वस्त

उत्तराला आठ दिवस लागले, कारण कागद शोधावे लागले. मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटाची किल्ली कोणाकडेच नव्हती. शेवटी निवृत्त शिपायांनी घरून आणून दिली. परीक्षांच्या जुन्या गुणपत्रकांखाली, डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या कापडी बस्त्यात, दोन कागद मिळाले.

अडीच एकर ही एक मिळकत नाही, दोन आहेत. मागची दीड एकर, जेथे इमारत आहे, ती १९६२ साली एका कुटुंबाने बक्षीसपत्राने दिली आहे. त्यात ‘सदर जागेचा उपयोग शाळेखेरीज अन्य कामी करू नये’ असे स्पष्ट वाक्य आहे. पुढची एक एकर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने, खेळाच्या मैदानासाठी, संस्थेला दिली गेली. सात-बारावर ती भोगवटादार वर्ग २ आहे. आमच्या परिशिष्ट १ मध्ये मात्र सगळी अडीच एकर ‘संस्थेची मालकी’ अशी एकाच ओळीत लिहिली आहे. विकासकाला हवी असलेली एक एकर म्हणजे आमचे मैदान आहे.

कायद्याची_पाने

तर मग बरेच प्रश्न आपोआप मिटले. वर्ग २ ची जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही, परवानगी मिळाल्यास अनर्जित रकमेचा, म्हणजे जागेच्या वाढलेल्या किमतीचा, वाटा शासनाला द्यावा लागतो, आणि मैदानासाठी मिळालेल्या जागेवर परस्पर गाळे काढलेत तर शर्तभंगाच्या कारवाईत जागाच सरकारजमा होण्याचा धोका आहे. म्हणजे तिसरा प्रस्तावही आहे त्या रूपात चालणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्या प्रस्तावात मागची दीड एकर विकायची झाल्यास बक्षीसपत्राची अट आड येईल आणि दात्याचे वारस प्रश्न विचारतील. तो खटला तुम्ही जिंकालही. पण तोवर आजची पाचवी दहावी झालेली असेल.

माजी_कार्यवाह

आमच्या वेळी कपाट उघडायला सांगणारे कोणी नव्हते.

नवा_विश्वस्त

काल सभा झाली. विकासकाला त्याची कागदपत्रे परत करावीत असे ठरले. ठराव आठ विरुद्ध एक मतांनी संमत झाला. मागच्या दीड एकराच्या हद्दीत, इमारतीच्या पूर्वेस एक मोकळी पट्टी आहे. तेथे सहा वर्गांची साधी इमारत दोन टप्प्यांत बांधावी आणि तोपर्यंत धोकादायक वर्गांचे छप्पर उतरवून पत्रे घालावेत, असा नवा प्रस्ताव आहे. पैसे कोठून आणायचे हा प्रश्न जसाच्या तसा आहे. दात्याच्या नातवंडांना पत्र लिहिले आहे, माजी विद्यार्थ्यांची यादी करणे सुरू आहे, आणि कर्जाचा अर्ज करावा की नाही यावर पुढील महिन्यात बसणार आहोत. दोन्ही जागांच्या शासकीय मोजणीसाठी शुल्क भरले. बसस्थानकाकडील भिंतीला टेकून पाच टपऱ्या आहेत, त्या आमच्या हद्दीत की रस्त्याच्या, हे कोणालाच सांगता येत नाही.

तिरकस

टपरीवाल्यांना विचारलेत का? त्यांना पक्के ठाऊक असते.

नवा_विश्वस्त

विचारले. पाचही जणांनी भाडे नियमितपणे भरत असल्याचे सांगितले. कोणाकडे भरतात, हे विचारल्यावर त्यांनी ज्यांचे नाव घेतले, त्यांचेच कालचे एक विरोधी मत होते.

कायद्याची_पाने

मोजणीच्या दिवशी त्यांनाही लेखी सूचना द्या, आणि पोच घ्या.